साधा गुलाबी तेरडा दारात कसा लावावा

मधमाश्या आणि फुलपाखरं यावीत म्हणून काय लावू, असं नव्याने बाग करणारं कुणी विचारलं की मी तेरड्याचं नाव घेते. बहुतेकांना ते ऐकून नवल वाटतं. तेरडा काय लावायचा असतो? तो तर आपोआप येतो. घाटात, बांधावर, गावच्या गडग्याच्या कडेने. पण कुणी न लावता दरवर्षी येणाऱ्या झाडाला इथला पाऊस, इथली माती आणि इथले किडे पाठ असतात. म्हणून तर नवख्या माणसाच्या हातूनही तो जगतो. कुंडीत, इमारतीमागच्या अरुंद पट्ट्यात, शेताच्या बांधावर, परसात, कुठेही तो जुळवून घेतो. जूनमध्ये बी टाकलं तर ऑगस्टच्या मध्यापासून फुलं दिसू लागतात.

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात. तिथे तेरडा मुद्दाम लावल्याचं मला आठवत नाही. पुण्यात राहायला आल्यावर मात्र गौरीसाठी तेरड्याच्या जुड्या बाजारातून विकत आणाव्या लागल्या, तेव्हा तो घरी लावायचं मनावर घेतलं. पुढे लिहिलंय ते सगळं त्यानंतरच्या पावसाळ्यांत शिकलेलं आहे.

आधी तेरडा कोणता ते ठरवा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे आणि नेमकी हीच चुकते. रोपवाटिकेत तेरड्याची रोपं किंवा पाकिटं मागितली की बहुधा दुहेरी फुलांचा तेरडा मिळतो. फूल गुलाबासारखं भरगच्च, पाकळ्यांवर पाकळ्या. दिसायला सुंदर, पण भुंग्याच्या दृष्टीने ते बंद दुकान. दुहेरी फुलांमध्ये पुंकेसरांची जागा जादा पाकळ्या घेतात, त्यामुळे पराग कमी होतो आणि मधापर्यंत जायची वाट बुजते. माझं पहिलं वर्ष असंच गेलं. पाकिटावर फक्त ‘तेरडा’ लिहिलं होतं, फुलं भरपूर आली, कुंडी शोभिवंत झाली, आणि माशी मात्र क्वचितच फिरकली. दुसऱ्या वर्षी गावाहून साधं बी आणलं. ते फुललं त्या आठवड्यात सकाळी गॅलरीत गुणगुण ऐकू यायला लागली.

साधा रानचा तेरडा ओळखायचा असा. खोड रसरशीत, हिरवट-लालसर, बोटाने दाबलं तर पाणी सुटेल असं. पानं लांबट, टोकदार, कडेला दातेरी, खोडावर एकाआड एक. फूल गुलाबी, मोजक्या पाकळ्यांचं, पानांच्या बेचक्यातून निघालेलं, आणि मागच्या बाजूला बारीक वाकडी शेपटी. या शेपटीलाच शुंडिका म्हणतात. मध त्यात साठतो. शेंग छोटी, मधे फुगीर, दोन्ही टोकांना निमुळती, वर मऊ लव. या झाडाचं शास्त्रीय नाव इम्पेशन्स बाल्समिना. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने ते १७५३ मध्ये नोंदवलं. लॅटिनमध्ये इम्पेशन्स म्हणजे अधीर, उतावळा. पिकलेल्या शेंगेला बोट लावलंत की हे नाव का पडलं ते लगेच कळतं.

कासच्या पठारावर गुलाबी गालिचा पसरणारा तेरडा याच कुळातला असला तरी जात निराळी आहे. तो कातळावरच्या पातळ मातीला आणि तिथल्या धुक्याला सरावलेला असतो, कुंडीत रमत नाही. शिवाय कास २०१२ पासून जागतिक वारशात गणलं जातं आणि तिथली फुलं-बिया तोडायच्या नाहीत. त्याच्या वाटेला जाऊ नका. सह्याद्रीत तेरड्याच्या अनेक जाती आहेत, काही तर जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. त्या जिथे आहेत तिथेच बऱ्या.

बी कुठून आणायचं

सगळ्यात सोपी वाट म्हणजे गाव. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये बांधावरच्या, रस्त्याकडेच्या तेरड्याला पिकलेल्या शेंगा असतात. एका झाडाच्या सगळ्या शेंगा ओरबाडू नयेत. दहा झाडांच्या दोन-दोन शेंगा घेतल्या तरी घरापुरतं बी होतं, आणि वेगवेगळ्या झाडांचं बी असल्याने रोपंही जोमदार येतात. राखीव जंगलातून काही उचलू नये.

दुसरी वाट गौरीच्या जुडीची. कोकणात आणि देशावरही कित्येक घरांत तेरड्याची गौर आणतात. तेरड्याची मुळं म्हणजे गौरीची पावलं, म्हणून झाडं मुळासकट उपटून आणलेली असतात. त्यातली खालच्या बाजूची एखादी शेंग भरलेली असते. विसर्जनाआधी जुडी नीट न्याहाळा, फुगीर फिकट शेंगा दिसल्या तर घरातल्या मोठ्यांना विचारून काढून घ्या. आमच्याकडे सासूबाई आता स्वतःहून ती शेंग बाजूला ठेवतात. हिरव्या कोवळ्या शेंगा मात्र कामाच्या नाहीत, त्यातलं पांढरं बी रुजत नाही. तयार बी गर्द तपकिरी, गोलसर आणि मोहरीहून जरा मोठं असतं.

दोन्ही वाटा बंद असतील तर बी विकत घ्या, पण ‘एकेरी फुलांचा’ असं विचारूनच. रोप घेणार असाल तर फूल उमललेलं पाहून घ्या.

कधी पेरायचं

निसर्गात तेरड्याचं बी उन्हाळाभर जमिनीत पडून असतं आणि पहिले चार-सहा दमदार पाऊस झाले की उगवतं. आपणही तसंच करावं. कोकणात आणि घाटमाथ्यावर मृगाचा पाऊस स्थिरावला की पेरा. पुणे, नाशिक, कोल्हापूर भागात जूनचा दुसरा-तिसरा आठवडा चांगला. मराठवाडा-विदर्भात पावसाची वाट पाहा आणि माती दोन बोटं खोल ओली झाल्यावरच बी टाका. कुंडीला तुम्ही स्वतः पाणी घालणार असाल तर मेअखेरीस पेरलं तरी चालतं, फक्त कुंडी दुपारच्या उन्हातून हलवा.

एकदम सगळं बी टाकू नका, ही माझी आग्रहाची सूचना. अर्धं जूनच्या मध्याला, उरलेलं तीन आठवड्यांनी. पहिली खेप पावसाच्या झोडीत गेली तर दुसरी हाताशी राहते, आणि दोन्ही जगल्या तर फुलांचा हंगाम लांबतो.

माती आणि जागा

तेरड्याला ओल हवी, पण पायाशी पाणी साचलेलं खपत नाही. डोंगरउतारावर तो इतका माजतो कारण तिथे पाणी थांबत नाही, वाहून जातं. कुंडीत तोच उतार आपण मातीतून तयार करायचा. मी दोन भाग तांबडी माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग जाडसर वाळू घेते. वाळू नसेल तर विटांचा बारीक चुरा. काळी माती असेल तर वाळूचं प्रमाण वाढवा, कारण काळी माती पावसात चिकट होते आणि मुळं गुदमरतात. कुंडीच्या तळाची भोकं उघडी आहेत ना, ते पेरणीआधी काडी घालून बघा. पावसाळ्यात खाली ताटली ठेवू नका.

आठ ते दहा इंची कुंडीत तीन झाडं नीट वाढतात. जमिनीत लावणार असाल तर पट्टा आजूबाजूपेक्षा चार बोटं उंच करा. खत जास्त घालायचा मोह टाळा; झाड पानोऱ्याने भरतं, लुसलुशीत होऊन लोळतं आणि फुलं उशिरा येतात. पेरताना घातलेलं शेणखत हंगामभर पुरतं.

ऊन किती? सकाळचं तीन-चार तास मिळालं की पुरे. पूर्वेची गॅलरी उत्तम. कोकणातल्या ढगाळ दिवसांत उघड्यावर लावला तरी बिघडत नाही, पण देशावर उघडीप लांबली की दुपारच्या उन्हात तो मान टाकतो. पाणी दिल्यावर संध्याकाळी सावरतो, तरी रोज असं झालं तर कळ्या गळतात. उत्तरेच्या गॅलरीत, जिथे गुलाब आणि झेंडू रुसून बसतात, तिथेही तेरडा थोडाफार फुलतो.

पेरणी आणि विरळणी

माती वाफशावर असताना पेरा, म्हणजे मुठीत दाबली तर गोळा व्हावा आणि बोटाने टोचल्यावर फुटावा. बी मातीवर विखरून टाका आणि वर जेमतेम बी झाकेल इतकीच भुरभुरीत माती पसरा. खोल गेलेलं बी वाया जातं. जोराचा पाऊस असेल तर कुंडी पहिले दहा-बारा दिवस पागोळीखाली ठेवू नका, बी वाहून जातं. पाणी झारीने किंवा हाताने शिंपडून द्या.

आठ-दहा दिवसांत जाड, गोलसर दोन दलं वर येतात. ती तेरड्याच्या लांबट पानांसारखी मुळीच दिसत नाहीत, त्यामुळे नवखी माणसं तण समजून उपटून टाकतात. थांबा. दातेरी पान आलं की ओळख पटते.

रोपाला चार खरी पानं आली की विरळणी करा. दोन रोपांत वीतभर अंतर हवं. दाट रोपांत हवा खेळत नाही आणि पावसाळी दमटपणात रोपं बुडाशी काळी पडून कोलमडतात. एक कोलमडलं की शेजारची पाठोपाठ जातात. काढलेली रोपं फेकायची नाहीत. संध्याकाळी, मुळाशी मातीचा गड्डा ठेवून दुसरीकडे लावलीत तर दोन दिवस मलूल होतील आणि मग धरतील. वाढ मिळेल तेवढी सरळ होऊ द्या, शेंडा खुडायची गरज नाही. झाड कमरेच्या आत-बाहेर वाढतं. वाऱ्याच्या गॅलरीत एक काठी पुरते.

फुलं आली की काय पाहायचं

बी टाकल्यापासून साधारण आठ ते दहा आठवड्यांत फुलं येतात. या टप्प्यावर तुमचं काम संपत आलेलं असतं आणि पाहण्याचं सुरू होतं. सकाळी सात ते दहाच्या मधे, पाऊस थांबला असताना, झाडापासून हातभर दूर बसा.

काळा, जाडजूड, मोठ्याने घूं घूं करणारा भुंगा येईल. तो सरळ तोंडातूनही शिरतो आणि कधी कधी मागून शुंडिकेला भोक पाडून मध चोरतो. पांढरट-निळ्या पट्ट्यांची, हवेत क्षणभर अधांतरी थांबून चटकन दिशा बदलणारी एक माशी येईल. तिची सोंड लांब असते आणि तेरड्यासारख्या खोल फुलात तिचं काम नेमकं होतं. ती पोळं करत नाही. एकेकटी मादी मातीत, मातीच्या भिंतीत बीळ कोरून घरटं करते. म्हणून बागेत सगळीकडे फरशी किंवा पालापाचोळ्याचं जाड आच्छादन करू नका. हातभर जागा उघड्या मातीची राहू द्या. भुंग्यासाठी वाळकं लाकूड किंवा बांबूचा तुकडा कोपऱ्यात टाकून ठेवा, तो त्यात बीळ करतो. सातेरी आणि फुलोरी या मधमाश्याही येतात. त्या मधापेक्षा परागासाठी जास्त रेंगाळताना मला दिसतात.

तेरड्याच्या फुलाची एक रीत आहे, ती डोळ्यांनी बघण्यासारखी आहे. फूल उमलतं तेव्हा पुंकेसर एकमेकांना चिकटून स्त्रीकेसराच्या डोक्यावर टोपीसारखे बसलेले असतात. आत शिरणाऱ्या माशीच्या पाठीवर पराग पडतो. काही काळाने ती टोपी अख्खी गळून पडते आणि खालचं स्त्रीकेसर उघडं होतं. आता जी माशी दुसऱ्या फुलाचा पराग पाठीवर घेऊन येईल तिची पाठ तिथे घासते. म्हणजे एकाच फुलात आधी नर, मग मादी. स्वतःचा पराग स्वतःलाच लागू नये म्हणून ही तजवीज. यासाठी एकापेक्षा जास्त झाडं हवीत. एकच कुंडी, एकच झाड लावलं तर शेंगा कमी धरतात. पाच-सहा झाडं जवळजवळ असली की माशीलाही फेरी परवडते. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात ते एका फुलापुरतं. झाडावर फुलांची माळ दीड-दोन महिने चालू राहते.

गच्चीवर काकडी, कारलं, लाल भोपळा असेल तर तेरडा त्याच्या शेजारी ठेवा. या वेलांची फुलं सकाळी उमलतात आणि फळ धरायला माशी लागतेच. तेरड्याकडे आलेली माशी दोन पावलांवरच्या वेलाकडेही जाते. आमच्या भोपळ्याला मी पूर्वी हाताने नर-फूल फिरवून पराग लावायचे. ते करणं आता सुटलं.

काही बिघडलं तर

देठापाशी मुंग्या दिसल्या म्हणून घाबरू नका. तेरड्याच्या पानाच्या देठावर बारीक ग्रंथी असतात, त्यातून गोड रस पाझरतो आणि मुंग्या त्यासाठी येतात. पण शेंड्याच्या कोवळ्या पानांखाली हिरवट-काळे ठिपके चिकटलेले असतील तर तो मावा. पाण्याच्या जोरदार धारेने धुऊन काढा. दोन-तीन दिवस हे केलं की आटोक्यात येतो.

पावसाळ्यातला खरा शत्रू गोगलगाय. एका रात्रीत कोवळी रोपं चाटून जाते. रात्री नऊनंतर बॅटरी घेऊन फिरा, हाताने वेचा आणि खारट पाण्यात टाका. कुंड्यांच्या कडा, विटांच्या फटी रोज बघा.

पाऊस ओसरला की पानांवर पिठासारखी भुरी येते. तोपर्यंत झाडाचं आयुष्य संपत आलेलं असतं. खालची रोगट पानं काढा आणि पाणी पानांवर न घालता मुळाशी द्या. झाड बुडाशी काळं, मऊ पडून वास येत असेल तर मुळं कुजली आहेत. ते उपटून टाका, माती मोकळी करा आणि त्या जागी तोच तेरडा त्या वर्षी पुन्हा लावू नका.

कधी कधी पानं खाणारी जाडजूड अळी सापडेल. पाठीमागे एक शिंग आणि अंगावर डोळ्यांसारखे गोल ठिपके. ती हॉक मॉथ या पतंगाची अळी. तिला मारू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तिचाच पतंग संध्याकाळी लांब सोंडेने फुलांतला मध पिताना दिसेल. एक-दोन झाडं तिने खाल्ली तर खाऊ द्या, त्यासाठीच दोन झाडं जास्त लावा.

आणि कीटकनाशक नको. इमिडाक्लोप्रिडसारखी औषधं झाडाच्या रसात भिनतात, परागात आणि मधात उतरतात. ज्या माशीला आपण निमंत्रण दिलं तिलाच ते पाजणं मला सहन होत नाही. रोपवाटिकेतून फुललेलं रोप आणलं तर आधी काय फवारलं होतं ते विचारा. सांगता आलं नाही तर पहिली फुलं खुडून टाका.

बी धरणं

शेंग हिरवी-घट्ट असते तेव्हा काही करू नका. ती फिकट, पिवळसर आणि टचटचीत फुगली की तयार झाली. नुसतं बोट लागलं तरी फुटते, पाचही फाका आतल्या बाजूला गुंडाळतात आणि बी उडतं. म्हणून शेंग पूर्ण मुठीत धरून मूठ मिटा आणि मगच देठ तोडा. मुठीत ती फुटल्याची हालचाल जाणवते. पोरांना हे काम द्या, कंटाळणार नाहीत. गॅलरीत उंचावर असाल तर शेंगेवर पातळ कापडाची पुरचुंडी सैल बांधून ठेवा, बी त्यातच पडेल.

बी सावलीत चार-पाच दिवस कागदावर वाळवा आणि कागदी पाकिटात घाला. पाकिटावर गाव आणि वर्ष लिहा. आमच्याकडे आई चुलीच्या राखेत कालवून बाटलीत ठेवायची, तेही चांगलं टिकतं. प्लास्टिकच्या पिशवीत ओलसर बी बांधलंत तर बुरशी येईल. सगळं बी धरू नका. काही शेंगा झाडावरच फुटू द्या. पुढच्या जूनमध्ये कुंडीच्या आसपास, फरशीच्या फटीत, शेजारच्या मोगऱ्याच्या बुंध्याशी स्वतःहून उगवलेली रोपं सापडतील. ती उचलून हव्या जागी लावा.

तेरडा संपल्यावर

ऑक्टोबरच्या अखेरीस झाड वाळतं. ते मुळासकट तिथेच मातीत मिसळा. माश्यांची भूक मात्र थांबत नाही, म्हणून त्याच जागी किंवा बाजूला पिवळी कोरांटी असू द्या. तिचा फुलोरा थंडीत येतो आणि एकदा रुजली की वर्षानुवर्षं राहते. तुळशीच्या मंजिऱ्याही सगळ्या खुडू नका, चार-पाच फुलू द्या.

परदेशात राहणारी मराठी मंडळी मला तेरड्याचं बी मागतात. गौरीच्या आठवणीने एखादी कुंडी लावायची इच्छा मला कळते, पण तो तिथला रानफुलोरा नाही. त्याचाच हिमालयातला एक भाऊबंद बागेसाठी ब्रिटनमध्ये नेला होता, तो नदीकाठांवर असा पसरला की तिथल्या झाडांना जागा उरेना. अमेरिकेच्या पूर्व भागात राहत असाल तर तिथला स्वतःचा तेरडा आहे, ज्वेलवीड नावाचा, नारिंगी फुलांचा, ओढ्याकाठी वाढणारा. त्याच्यावर हमिंगबर्ड येतात. तिथे तोच लावा. शेंग तशीच फुटते.